शेवटचा खरा ठोका

"तुझा प्रोग्रॅम वाईट कारकून आहे, ईश्वरी," गवाणकर मॅडम म्हणाल्या होत्या.

तेव्हा ईश्वरीला आठवा महिना लागला होता. पाय सुजलेले, पाठीला उशी, टेबलावर खजुराचा डबा. तिनं हसूनच विचारलं होतं, "म्हणजे कसा?"

"माझं बी.एस्सी.चं सर्टिफिकेट आहे सुजाता महादेव शेट्ये या नावाचं. लग्न झालं, मधलं बापाचं नाव गेलं, नवऱ्याचं आलं, मी गवाणकर झाले. आता तो जुना कागद घेऊन मी खिडकीवर गेले तर चांगला कारकून काय म्हणेल? 'बाई, यात तुमच्या यजमानांचं नावच नाही, पुरावा आणा.' चार खेटे घालायला लावेल, पण चूक करणार नाही. वाईट कारकुनाला रकाना रिकामा दिसला की तो स्वतःच्या मनानं काहीतरी भरतो आणि शिक्का मारून मोकळा होतो. तू तेच केलंयस. जुन्या नोंदीत मधली पायरीच नसेल तर काय करायचं, हे तू लिहिलंच नाहीस. आपोआप जे भरेल ते भरू दे, म्हणून सोडून दिलंयस."

"अहो मॅडम, जुन्या नोंदी आहेत किती? अकराशे चौसष्ट. वर्षभरात सगळ्या नव्यानं साठवल्या जातीलच की. तिथं लाल दिवा लावला तर अकराशे घरांत रडारड होईल. असू दे हिरवाच."

"लाल लाव असं कुठं म्हणतेय मी? पण हिरवाही नको."

"बाळ झालं की करते," ईश्वरी म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला. मॅडम त्या महिनाअखेर निवृत्त व्हायच्या होत्या, त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. दोघीही दमलेल्या होत्या, एवढंच.

कोल्हापूरच्या त्या लहानशा कंपनीच्या यंत्राचं नाव होतं 'सोबत'. मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची बोटभर रुंदीची पट्टी. ती नाडी मोजायची, श्वास मोजायची, घामातल्या क्षारांवरून रक्ताचा अंदाज घ्यायची. पण खरी करामत पट्टीत नव्हती. दोन-तीन महिने मोजमापं गोळा झाली की कंपनीच्या संगणकात त्या माणसाच्या शरीराची एक प्रतिकृती उभी राहायची. जिना चढल्यावर याचं हृदय किती धावतं, उन्हात किती दमतं, रात्री कितीदा कूस बदलतं, हे सगळं त्या प्रतिकृतीला पाठ. मधे तासभर रेंज गेली, तरी प्रतिकृती आपल्या अंदाजानं ती जागा भरून काढायची. घरच्यांना मोबाइलवर दिसायचा फक्त एक ठिपका आणि एक ओळ. हिरवा ठिपका: 'बाबा बरे आहेत. झोप सहा तास दहा मिनिटं.'

ही प्रतिकृती सतत चालू ठेवता येत नाही. पाळणा सोडवून पोत्यात बांधून ठेवतात, तसे तिचे भाग सुटे करून, ओळीनं लिहून फाइलमध्ये ठेवायचे आणि लागेल तेव्हा पुन्हा जोडायचे. जोडायचं कसं ते सांगते वर्गांची वंशावळ. ईश्वरीचे बाबा 'हृदयरुग्ण' या वर्गातले. हृदयरुग्णाच्या वर 'रुग्ण', त्याच्या वर 'व्यक्ती'. वरच्यांचे गुण खालच्याला आपोआप मिळतात, घराण्यात मिळतात तसेच. सहाव्या आवृत्तीत 'रुग्ण' आणि 'हृदयरुग्ण' यांच्या मधे एक नवी पायरी घातली गेली: 'देखरेखीतला रुग्ण'. पट्टीकडून शेवटचा खरा ठोका कधी आला, ती वेळ आता या मधल्या पायरीवर राहणार होती. चार तास खरा ठोका आला नाही की ठिपका राखाडी होणार आणि घरच्यांना फोन जाणार.

जुन्या फायली या पायरीच्या जन्माआधीच्या. त्या उघडताना यंत्राला तिथं काहीच सापडायचं नाही. मग ईश्वरीनं सोडून दिलेल्या वाटेनं ते रकाना स्वतःच भरायचं. शेवटचा खरा ठोका कधी पडला? आत्ता. तासाभरानं फाइल पुन्हा उघडली जायची, पुन्हा तोच प्रश्न. उत्तरही पुन्हा तेच, आत्ता.

सहावी आवृत्ती सुरू झाली तेव्हा ईश्वरी बाळंतपणाच्या रजेवर होती.

रेवा पाच महिन्यांची झाली. ईश्वरी अर्धवेळ कामाला लागली, तेही घरूनच. नवरा तन्मय नोकरीसाठी पुण्यात, शनिवारी यायचा. घरात ती, रेवा आणि सासूबाई. झोप म्हणजे काय ते ती विसरली होती. रेवाचा श्वास चालू आहे ना, म्हणून दिवसातून वीसदा नाकाखाली बोट धरून बघायची. आणि वीसदा बाबांचा ठिपका.

बाबा, म्हणजे विश्राम खांबे, जलविद्युत केंद्रात कंट्रोल रूमला ऑपरेटर होते. निवृत्तीनंतरही अलोऱ्यातच राहिले, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. सात वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून बापलेकीचा एक नेम होता. सकाळी साडेसातला बाबांचा एक मिस कॉल. उचलायचा नाही. एक रिंग म्हणजे बरा आहे. दोन रिंगा म्हणजे सवडीनं फोन कर. सात वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती.

रेवा झाल्यावर ईश्वरीनंच तो नेम मोडला. "बाबा, आता मिस कॉल नको. रिंग वाजली की ही दचकून उठते, मग दोन तास रडते. तुमचा ठिपका दिसतो ना मला."

"सगळं दिसतं?"

"सगळं. झोपसुद्धा."

"बरं," बाबा म्हणाले. "मग झालं तर."

रविवारी मात्र बोलणं व्हायचं. पण गेले तीन रविवार तेही राहून गेलं. पहिल्या रविवारी घरात पाहुणे होते, दुसऱ्या रविवारी रेवाला लस टोचल्याचा ताप होता. आणि या रविवारी ईश्वरी बाळाला पाजता पाजता बसल्या जागी झोपली ती संध्याकाळीच उठली. ठिपका बघितला. हिरवा. झोप सहा तास दहा मिनिटं. आठवडाभर रोज तेवढीच झोप दिसतेय हे तिच्या लक्षात आलं होतं. तिला बरंच वाटलं. बाबांचं सगळं घड्याळावर, जन्मभर शिफ्ट केलेला माणूस.

मंगळवारी दुपारी मदतकक्षातून फरजानाचा फोन आला.

"ताई, जेवलीस का?"

"कसली जेवतेय. बोल."

"गडहिंग्लजच्या एक बाई आहेत लाइनवर. म्हणतात, आमच्या सासऱ्यांचा दिवा बंद करा."

"का? पट्टी खाजते का त्यांना?"

"ते वारले गं. आज अकरावा होता. पंगत उठवून बाई जरा टेकल्या, मोबाइल बघितला, तर 'नाना बरे आहेत. झोप सहा तास चाळीस मिनिटं.' भांडत पण नाहीत गं त्या. नुसतं म्हणतात, बंद करा."

ईश्वरीच्या मांडीवर रेवा पेंगत होती. ईश्वरीनं अगदी हळू विचारलं, "झोप रोज तेवढीच दिसतेय का, बघ."

"थांब हं... हो. सहा चाळीस, सहा चाळीस, सहा चाळीस. एका मिनिटाचा फरक नाही."

"जुनी नोंद आहे?"

"पहिल्या यादीतली."

तिनं बाबांचं पान उघडलं आणि बोटानं खाली खाली सरकवत गेली. सहा दहा. सहा दहा. एकोणीस दिवस सहा दहा. त्याच्या आदल्या दिवशी पाच पन्नास, त्याआधी सहा चाळीस, त्याआधी साडेपाच. खरा माणूस असाच झोपतो, कमीजास्त.

तिनं बाबांना फोन लावला. रिंग वाजत वाजत बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शेजारच्या शिर्केकाकांना लावला, ते म्हणाले आम्ही दोघं लेकीकडे आलोय, परवापासून इकडेच आहोत. पुढं ते काहीतरी बोलत होते, पण आवाज तुटला, फोन कटला आणि पुन्हा लागला नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "काय गं? पांढरीफटक पडलीस."

"आई, बाबा फोन उचलत नाहीत."

"मग दिवा?"

"दिवा खोटा आहे. माझ्यामुळं खोटा आहे."

सासूबाईंनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. "लेकराचं सामान घे. मी चालवते. तुझा बाप असला तरी माझा व्याही आहे तो."

गाडी निघेपर्यंतच्या दहा मिनिटांत तिनं दोन फोन केले. पहिला गवाणकर मॅडमना. तिनं सगळं सांगितलं, अलोऱ्याला निघालोय हेही. ईश्वरीला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझे वडील पहिल्या यादीत आहेत?"

"पहिल्या दहात. मीच माझ्या हातानं लावली पट्टी. मॅडम, माझं तेव्हा..."

"ते राहू दे आता. मधली पायरी सापडली नाही तर काय, तिथं काहीही भरू नकोस. अंदाज नाही, आत्ताची वेळ नाही. 'माहिती नाही' लिही आणि ठिपका राखाडी कर. वीस मिनिटांचं काम आहे. तपासायला आणखी अर्धा तास. पण पाटणच्या पुढं रेंज जाते, लक्षात ठेव."

दुसरा मगदूम सरांना, म्हणजे मालकांना. ते ओरडलेच. "अकराशे घरांचे दिवे एकदम राखाडी? अगं, लोक पोलिसात जातील! उद्या सकाळी बसू, नीट ठरवू."

"सर, त्यातले किती जिवंत आहेत हे आपल्याला माहीत नाही."

"तू घाबरली आहेस म्हणून..."

"सर, पहिल्या यादीत आपणच आपापले आईबाप घातले होते. तुमच्या आई निपाणीला असतात ना? शेवटचं कधी बोललात?"

"कर," मगदूम सर म्हणाले. "मी आईला लावतो."

गाडीच्या मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप, शेजारी टोपलीत रेवा. कराड येईपर्यंत रेवा तीनदा रडली. एका हातानं तिला थोपटत ईश्वरीनं दुसऱ्या हातानं टाइप केलं. सासूबाई पुढून गाणं म्हणत होत्या, अर्धं बाळासाठी, अर्धं समोरच्या ट्रकवाल्याला शिव्या. एकदा ईश्वरीच्या मनात आलं, लॅपटॉप बंद करावा, डोळे मिटावेत, आधी फक्त बाबा. अकराशे लोकांचं ओझं तिनं का वाहावं? मग तिला गडहिंग्लजची ती बाई आठवली, न भांडणारी.

पाटणच्या अलीकडं तिनं ती सुधारलेली ओळ पाठवली.

दहा मिनिटांनी फरजानाचा आवाज आला, अर्धा तुटत. "ताई, झालं. अकराशे चौसष्टपैकी नऊशे एकाहत्तर हिरवेच राहिले. खरे हिरवे. एकशे त्र्याण्णव राखाडी. आम्ही सगळे फोनला बसलोय. मगदूम सर पण बसलेत. त्यांच्या आईनं उचलला, त्यांना शिव्या घातल्या."

"आणि बाबा?"

"ताई..."

"सांग."

"राखाडी. पट्टीच्या मूळ नोंदी काढून बघितल्या. शेवटचा खरा ठोका एकोणीस दिवसांपूर्वी. सकाळी सात एकतीस."

मग रेंज गेली. कोयनानगर मागं पडलं, घाट लागला. सासूबाईंचं गाणं थांबलं होतं. एका वळणावर त्या आरशातून म्हणाल्या, "रडू नकोस. दूध आटतं."

अलोऱ्यात पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाबांच्या घराच्या पायरीवर दुधाच्या तीन पिशव्या पडल्या होत्या, पहिली फुगलेली. ईश्वरीनं दार वाजवलं. आतून काही नाही. पुन्हा वाजवलं, तळहातानं.

"कडी नाही लावलेली," आतून आवाज आला. "ढकल की."

ती तिथंच पायरीवर बसली. सासूबाई तिला ओलांडून आत गेल्या.

बाबा खाटेवर होते. उजव्या घोट्याला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या, वरून वायरमनची काळी टेप गुंडाळलेली. त्याखाली पाऊल सुजून निळंकाळं झालं होतं. दाढी वाढलेली. खोलीला वास येत होता.

"या विहीणबाई," ते म्हणाले. "चहा मात्र तुम्हालाच करून घ्यावा लागेल."

"चहाला नाही आले मी. तुम्हाला उचलायला आलेय. हे काय करून घेतलंत?"

"न्हाणीत घसरलो. त्यातच ती पट्टी सुटली, मोरीत वाहून गेली. फोन वाजत होता गं दुपारी, ईश्वरी. मी उठून पोचेपर्यंत थांबतोय कुठला."

"एकोणीस दिवस?" ईश्वरी म्हणाली. "बाबा, एकोणीस दिवस तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"शिर्क्यांना ठाऊक होतं की. वहिनी डबा देत होत्या परवापर्यंत. ते तर म्हणाले, चिपळूणला नेतो, ईश्वरीला कळवतो. मीच नको म्हटलं. म्हटलं, तिला दिसतंय सगळं, येईल ती." बाबांनी रेवाकडं हात केला, तिचा तळवा बोटानं दाबला. "चार दिवस वाट बघितली. मग म्हटलं, पोर तान्ही आहे, हिला निघता येत नसेल. बघतेय तरी, काय कमी आहे?"

वाटेत तिला वाटलं होतं, ते गेलेले सापडणं हेच सगळ्यात वाईट. आता ते वाईट की हे, तिला ठरवता येईना.

"बाबा, मला दिसत नव्हतं."

"ठिपका?"

"हिरवा होता. रोज हिरवा. सहा तास दहा मिनिटं झोप."

बाबांनी भुवया वर केल्या. रागावले नाहीत. जुन्या ऑपरेटरसारखा विचार करायला लागले, पाय विसरून. "काटा अडकला होता म्हणजे."

"हो."

"आमच्या पॅनेलवर व्हायचं कधीकधी. लोड एकदम स्थिर. नवा माणूस खूश होतो, वा, काय छान चाललंय. आम्ही काय करायचो माहितीये? दर तासाला रीडिंग घ्यायच्या आधी काचेवर टिचकी मारायची. काटा थरथरला की खरा. नाही थरथरला तर पळत खाली, मशीनजवळ." त्यांनी खाटेच्या कडेवर टिचकी मारून दाखवली. "आपला मिस कॉल होता ना, ती टिचकी होती."

ईश्वरीनं मान हलवली.

"असू दे," बाबा म्हणाले. "आता मला उचला दोघी. आणि ते दूध टाकून द्या, फुटेल पिशवी."

चिपळूणच्या डॉक्टरांनी पाऊल वाचवलं. दोन बोटं गेली. बाबांना मधुमेहही होता; त्याला आणखी आठ दिवस मिळाले असते तर घोटा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. ईश्वरी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिली, एका मांडीवर रेवा, दुसऱ्या मांडीवर यादी. फरजाना एकेक नाव कळवायची, ती खोडायची. बहुतेकांनी पट्टी नुसती काढून ठेवलेली. कुणाला खाज, कुणी ती देव्हाऱ्यात ठेवलेली, एका आजोबांनी बैलाला बांधून बघितलेली. सतरा जण दवाखान्यात होते आणि लेकाला पत्ता नव्हता. नऊ जण नव्हतेच. त्यांतल्या दोघांच्या घरी दार फोडावं लागलं. ती नऊ नावं तिनं खोडली नाहीत. कागद दुमडून पर्समध्ये ठेवला.

शनिवारी सकाळी बाबांच्या खाटेवरून मिस कॉल आला. ती व्हरांड्यात, ते खोलीत, मधे एक भिंत. साडेसात. एक रिंग. रेवा दचकून उठली, रडली. ईश्वरीनं तिला उचललं आणि रडू दिलं.

त्या नऊ जणांखेरीज यादीत आता एकाच आजींचा पत्ता लागायचा उरला होता. त्यांच्या मुलाचा नंबर बदललेला, गावातल्या दुकानाचा फोन लागत नाही, फरजानानं पाठवलेला माणूस चुकीच्या वाडीत जाऊन परत आला. दुपारी बाबांना झोप लागल्यावर ईश्वरीनं मोबाइल घेतला आणि जिथं जिथं लिहिता येईल तिथं तिथं हे लिहिलं:

"यमुना बाळू झोरे. वय अठ्ठ्याहत्तर. पाटणहून मोरगिरीकडं जाताना शाळेच्या मागून चढ लागतो, तिथं वरच्या वाडीत शेवटचं घर. दाराला निळा रंग आहे. त्यांच्या शेवटच्या खऱ्या ठोक्याला आज चोवीस दिवस झाले. मोबाइलवर त्या बऱ्या आहेत असं दिसत होतं, ते खरं नव्हतं, ती चूक माझी. तुम्ही त्या बाजूचे असाल, किंवा त्या बाजूला तुमचं कुणी असेल, तर एवढं करा. वर जा. कडी वाजवा. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून जोरात वाजवा, आणि आतून काही आलं नाही तरी लगेच मागं फिरू नका."